पत्ता बदलला आणि टपाल अडलं : कारखान्याच्या ई-मेलची हकीगत



उसाच्या नोंदी, तोडणी कार्यक्रम, खतांचे हप्ते आणि गाळपाचे आकडे या विषयांवर आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे. गेल्या ऑगस्टात आपल्या कारखान्याने ई-मेलचा सर्व्हर बदलला. त्यानंतर ‘कारखान्याचं पत्र येत नाही’ अशा तक्रारी येऊ लागल्या. त्यातल्या सर्वांत जास्त तक्रारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या सभासदांच्या व त्यांच्या मुलांच्या होत्या. तक्रार रास्त होती आणि चूक आमची होती. ती कशी झाली, कशी दुरुस्त केली आणि यापुढे सभासदांनी काय करावयाचे, हे सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

या तीन गावांतूनच तक्रारी जास्त का, असे कोणी विचारील. आपल्या कार्यक्षेत्रातल्या किती तरी घरांतला एक तरी माणूस आज कल्याणच्या पुढे कर्जत लाइनीवर राहतो. कोणी अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.त कामाला आहे, कोणाचं उल्हासनगरला दुकान आहे, तर कोणी बदलापूरला घर घेऊन रोज लोकलने मुंबई गाठतो. शेअर वडिलांच्या नावावर, ऊस थोरल्या भावाच्या हाती आणि कागदपत्रं बघणारा धाकटा बदलापूरला, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. गावातल्या सभासदाला छापील नोटीस हातात मिळते, गटाच्या ऑफिसात चौकशी करता येते. लांब राहणाऱ्याला मात्र ई-मेल हाच कारखान्याचा दरवाजा. तो बंद झाला की कारखाना त्याच्या दृष्टीने मुका झाला.

सप्टेंबरात वार्षिक सभेची नोटीस आणि अहवाल ई-मेलने रवाना केला. दोन-तीन दिवसांनी अंबरनाथहून एका वयस्क सभासदांचा फोन आला. ते म्हणाले, “साहेब, गावाकडं पुतण्याला नोटीस मिळाली. मला काहीच न्हाई. माझं नाव यादीतनं काढलं काय?”

आमच्या लिपिकाने तोंडभरून सांगितले, “नाही हो काका, नाव आहे. मेल पाठवलाय.”

“पाठवला म्हणता, मग गेला कुठं?”

या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या संगणकावर ‘पाठविले’ असे स्वच्छ दिसत होते. पण पाठविणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे. गाडी फडातून निघाली म्हणजे ऊस गव्हाणीत पडला असे होत नाही, तसेच हे आहे. सभासदत्वावर शंका येण्याइतकी ही गोष्ट माणसाच्या मनाला लागते, हे त्या फोनने आम्हाला शिकविले.

नाव तेच, घर नवे

ई-मेलच्या पत्त्यात एक ‘ॲट’ चिन्ह असते. ते या कामी प्रथम वापरले अमेरिकेतल्या रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. चिन्हाच्या अलीकडे माणसाचे किंवा खात्याचे नाव आणि पलीकडे संस्थेचे नाव असते. या पलीकडच्या नावाला डोमेन म्हणतात. आपल्या कारखान्याचे डोमेन बदललेले नाही. मग बदलले काय?

इंटरनेटवरच्या यंत्रांना नावे कळत नाहीत, त्यांना नंबर लागतो. प्रत्येक सर्व्हरला एक नंबर असतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. कोणत्या नावाचे टपाल कोणत्या नंबरच्या घरी न्यायचे, याची जगभर पसरलेली एक वही आहे, तिला डी.एन.एस. म्हणतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. आमचा जुना सर्व्हर एका नंबरच्या घरात होता, नवा दुसऱ्या नंबरच्या घरात गेला. थोडक्यात, नाव तेच राहिले आणि बिऱ्हाड हलले.

उल्हासनगरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ उभा राहिला. फाळणीनंतर त्याच रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे नामकरण उल्हासनगर असे झाले. माणसांची नावे तीच, घरे मात्र नवी. कॅम्प नंबर, सेक्शन, बराक नंबर, खोली नंबर असा तिथला पत्ता. यातला एक आकडा चुकला तर पोस्टमन भलत्याच बराकीत जायचा. शिवाय नुसता पत्ता लावून भागत नाही. नव्या वस्तीत दुकानदार पहिल्याच दिवशी उधारी देत नाही. आधी ओळख पटावी लागते, मग पत वाढते. सर्व्हरचं बिऱ्हाड हलवताना आम्ही पत्ता लावला, पण ओळख पटवायची राहून गेली. सगळ्या घोटाळ्याचं मूळ एवढंच आहे.

४२१ चा निरोप

शोध कसा लागला, ते ऐका. न पोहोचलेल्या पत्रांबद्दल समोरचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला एक निरोप देतो. तो कोणी उघडून पाहत नाही, आम्हीही पाहिला नव्हता. अंबरनाथच्या त्या फोननंतर संगणक विभागातल्या मुलाने सर्व्हरची नोंदवही उघडली. तिच्यात अनेक ओळी ४२१ या आकड्याने सुरू होत होत्या आणि काही ५५० ने.

पहिल्यांदा आम्हाला वाटले की हा पिनकोड आहे. कारण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांचा पिनकोड ४२१ नेच सुरू होतो. उल्हासनगरच्या पहिल्या कॅम्पचा ४२१००१, अंबरनाथचा ४२१५०१, बदलापूरचा ४२१५०३. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले. ते केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन त्या त्या पोस्टाचे, अशी त्यांची साधी सोपी विभागणी आहे.

पण सर्व्हरच्या वहीतला ४२१ निराळा निघाला, आकडा जुळला तो केवळ योगायोगाने. ई-मेल एका सर्व्हरहून दुसऱ्याकडे कशी द्यायची याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्या नियमांत उत्तरांचे आकडे ठरलेले आहेत. चाराने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘आत्ता नको, थोड्या वेळाने ये’. पाचाने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘घेणार नाही, परत जा’. म्हणजे ४२१ वाल्यांनी आमचे पत्र नाकारले नव्हते, ताटकळत ठेवले होते. असे पत्र पाठविणारा सर्व्हर ठेवून घेतो आणि पुन्हा पुन्हा नेऊन पाहतो. साधारण चार-पाच दिवस असा प्रयत्न होतो. तेवढ्यात दार उघडले नाही तर पत्र परत येते. सभेच्या नोटिशीला चार-पाच दिवस म्हणजे काय, हे सभासदांना सांगायला नको.

तक्रारी त्याच पट्ट्यातून जास्त का, तेही इथे कळले. तिथल्या सभासदांनी आम्हाला दिलेले पत्ते बहुतेक मोठ्या मोफत ई-मेल सेवांचे आहेत आणि नव्या घराची सर्वांत कडक चौकशी त्याच सेवा करतात. गावाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग आम्ही एकेक गाठ सोडवायला घेतली.

पहिली गाठ : वहीतली जुनी नोंद

डी.एन.एस.च्या वहीत नोंद बदलली की ती त्याच क्षणी जगभर कळते असे नाही. दर ठिकाणी पूर्वी वाचलेली नोंद ठराविक काळ लक्षात ठेवली जाते. हा काळ नोंदीबरोबरच लिहिलेला असतो. आमच्या नोंदीवर २४ तास लिहिले होते. म्हणजे आम्ही नंबर बदलल्यावरही एक पूर्ण दिवस कोणी ना कोणी जुन्या घराचे दार वाजवीत होते आणि जुना सर्व्हर तर आम्ही त्याच संध्याकाळी बंद केला होता.

करावयास पाहिजे होते ते असे. हलण्याच्या एक-दोन दिवस आधी तो काळ २४ तासांवरून ५ मिनिटांवर आणायचा. मग नंबर बदलायचा. जुने घर निदान आठवडाभर उघडे ठेवायचे, म्हणजे चुकून तिकडे आलेले टपाल उचलता येते. सगळे स्थिरावल्यावर काळ पुन्हा वाढवायचा. घर सोडताना आपण पोस्टात अर्ज देतो आणि शेजाऱ्याला सांगून ठेवतो, तीच रीत.

दुसरी गाठ : परवान्यावर जुनेच नाव

कोणीही उठून कारखान्याच्या नावाने ई-मेल पाठवू शकतो. १९८२ च्या नियमांत पाठविणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे हे आहे. म्हणून पुढे एक व्यवस्था आली, तिला एस.पी.एफ. म्हणतात. संस्थेने वहीत जाहीर करावयाचे की, आमच्या नावाचे टपाल फक्त या या नंबरच्या घरातून निघेल, बाकीचे खरे मानू नये. गेटवरच्या रजिस्टरात ज्या गाड्यांचे नंबर आहेत त्यांनाच आत सोडतात, अगदी तसे.

आमच्या परवान्यावर जुन्या घराचा नंबर होता. नवा लिहायचा राहिला, म्हणून आमचेच टपाल तोतया ठरले! हे लक्षात आल्यावर घाईने नवा नंबर घालताना दुसरी चूक झाली. जुनी नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरी नोंद केली. एका नावाला एस.पी.एफ.ची एकच नोंद चालते. दोन दिसल्या तर तपासणारा दोन्ही बाद धरतो. दोन्ही नंबर एकाच ओळीत लिहिल्यावर ही गाठ सुटली. जुना सर्व्हर कायमचा बंद झाल्यावर त्याचा नंबर त्या ओळीतून काढूनही टाकला. सोडलेल्या घराची किल्ली कोणी आपल्याजवळ ठेवीत नाही आणि परक्याच्या हाती तर मुळीच देत नाही.

तिसरी गाठ : लाखेचे सील

दुसरी ओळखखूण म्हणजे डी-किम. याला लाखेचे सील समजा. पत्र निघताना सर्व्हर त्यावर गुप्त किल्लीने सील मारतो. ते तपासायची उघड किल्ली डी.एन.एस.च्या वहीत ठेवलेली असते. वाटेत कोणी मजकूर बदलला तर सील जुळत नाही. नव्या सर्व्हरवर नवी गुप्त किल्ली तयार झाली, पण वहीत उघड किल्ली जुनीच राहिली. साहजिकच प्रत्येक पत्राचे सील फुटलेले दिसले.

या सिलाचा आपल्या सभासदांना एक खास उपयोग आहे. गावाकडे वडिलांच्या ई-मेलवर आलेले पत्र आपोआप मुलाच्या ई-मेलवर जावे, अशी सोय बऱ्याच जणांनी करून ठेवली आहे. असे पत्र कारखान्याच्या घरातून न येता मधल्या सर्व्हरच्या घरातून येते. त्यामुळे एस.पी.एफ.च्या परवान्यात ते बसत नाही. सील मात्र पत्राबरोबर जाते. ते शाबूत असेल तर पत्र पुढे सरकते. बदलापूरची काही अडलेली पत्रे अशीच होती, ती सील दुरुस्त केल्यावर सुटली.

परवाना आणि सील यांपैकी काहीच जुळले नाही तर त्या पत्राचे काय करायचे, हे सांगणारी तिसरी नोंद आहे, डी-मार्क. फक्त कळवा, स्पॅममध्ये टाका किंवा परत पाठवा, असे तिचे तीन पर्याय आहेत. आम्ही सध्या ‘फक्त कळवा’ ठेवले आहे. मोठ्या ई-मेल सेवांकडून त्यावर नियमित अहवाल येतात. आपल्या नावाने कोण काय पाठवतंय हे त्यातून दिसतं. सगळं व्यवस्थित झाल्याची खात्री पटली की कडक पर्याय लावण्यात येईल. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने दिवसाला मोठ्या संख्येने मेल पाठविणाऱ्या संस्थांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. तेव्हा ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

चौथी गाठ : दारावरची पाटी

नावावरून नंबर काढता येतो, तसा नंबरावरून नावही काढता यावे लागते. दारावर पाटी असावी आणि पाटीवरचे नाव वहीतल्या नावाशी जुळावे, असा हा नियम. या उलट्या नोंदीला पी.टी.आर. म्हणतात. गंमत अशी की ही पाटी भाडेकरूला लावता येत नाही, तो नंबर ज्याच्या मालकीचा आहे त्यानेच ती लावावयाची. आम्ही जागा भाड्याने घेतली, पण मालकाला पाटी लावायला सांगितलेच नाही.

शिवाय नव्या सर्व्हरला दोन नंबर मिळाले होते, एक जुन्या पद्धतीचा आणि एक नव्या लांबलचक पद्धतीचा. विनंती केल्यावर पाटी लागली ती पहिल्याच नंबरला. त्यामुळे सर्व्हर ज्या वेळी पहिल्या दाराने टपाल काढी त्या वेळी ते पोहोचे, दुसऱ्या दाराने काढी त्या वेळी परत येई. ‘कालचा मेल आला, आजचा नाही’ अशा ज्या चमत्कारिक तक्रारी येत होत्या, त्यांचे कारण हे. दुसऱ्या दारालाही पाटी लावून घेतली.

पाचवी गाठ : आधीच्या भाडेकरूची उधारी

जुन्या पद्धतीचे आय.पी. नंबर एकंदर सुमारे ४३० कोटी आहेत आणि ते कधीचेच अपुरे पडू लागले आहेत. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागातला मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. त्यामुळे आज मिळणारा नंबर कोणीतरी पूर्वी वापरून सोडलेला असू शकतो. भाड्याच्या खोलीत राहायला जावे आणि आधीच्या भाडेकरूची उधारी मागायला वाणी दारात यावा, तशी गत होते.

नको त्या जाहिराती पाठविणाऱ्या घरांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था आहेत. त्यांतली स्पॅमहॉस ही १९९८ पासून काम करते. आमचा नवा नंबर अशा एका यादीत आधीपासूनच होता. त्याला उपाय सरळ आहे. आधी आपल्याकडून खरेच काही वाईट जात नाही ना, हे तपासायचे. मग यादी ठेवणाऱ्या संस्थेकडे नाव काढण्याची विनंती करायची. आम्ही तसे केले आणि नाव निघाले. पैसे घेऊन नाव काढून देतो म्हणणारे मध्यस्थही भेटले, त्यांना दारातूनच वाटेला लावले. नंबर घेण्यापूर्वी याद्या तपासल्या असत्या तर हा हेलपाटा वाचला असता.

सहावी गाठ : बॉयलर एकदम तापवू नये

सर्व कागद नीट झाल्यावरही ४२१ चे निरोप येतच राहिले. त्याचे कारण आमची घाई. कालपर्यंत ज्या घरातून एक पत्र निघत नव्हते, तिथून एकाच सकाळी सगळ्या सभासदांना जाडजूड अहवाल जोडून पत्रे सुटली. समोरच्याने बिचकावे यात नवल काय?

हंगामापूर्वी आपण बॉयलरचे अग्निप्रदीपन करतो. लगेच पूर्ण दाबाने वाफ सोडत नाही, बॉयलर हळूहळू तापवतो, ट्रायल घेतो, मग मोळी टाकतो. नव्या नंबराचेही तसेच करावे लागते. पहिल्या दिवशी थोडी पत्रे, तीही नेहमी पत्र उघडून वाचणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या सभासदांना. मग दर दोन-तीन दिवसांनी संख्या वाढवायची. निरोप ४२१ चा आला तर तिथेच थांबायचे. अहवाल जोडण्याऐवजी कारखान्याच्या संकेतस्थळावर ठेवून पत्रात त्याची माहिती द्यायची. या रीतीने गेल्यावर काही आठवड्यांत टपाल सुरळीत झाले.

याच वेळी यादीही झाडून घेतली. सोडून दिलेल्या नोकरीतले पत्ते, चुकीच्या स्पेलिंगचे पत्ते, दिवंगत सभासदांचे पत्ते तिच्यात तसेच होते. वाचणाऱ्याने ‘स्पॅम’चे बटण दाबले की त्याची नोंद होते. जीमेलच्या नियमाप्रमाणे हे प्रमाण ०.३ टक्क्यांना पोहोचता कामा नये. म्हणजे हजारांत तिघांनी वैतागून बटण दाबले तरी बाकीच्यांचे टपाल धोक्यात येते.

काट्यावरचा विसरलेला संगणक

एवढे झाल्यावर आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण नोव्हेंबरात मोळी पडली आणि वजनाचे व बिलाचे तपशील ई-मेलने घेणाऱ्या सभासदांच्या पुन्हा तक्रारी सुरू झाल्या. वजनकाट्यावरच्या संगणकात जुन्या सर्व्हरचे नाव न घालता थेट नंबर लिहून ठेवला होता. ऑगस्टात काटा बंद असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नाही. काटा तीन महिने गेलेल्या घराचे दार ठोठावीत बसला असता! आता तिथे नंबराऐवजी नाव घातले आहे. हिशेब, शेतकी आणि भांडार विभागांतले सर्व संगणकही तपासून झाले आहेत.

ही बाब लहान नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किमतीची रक्कम द्यावी लागते आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. रक्कम खात्यात वेळेवर जमा झाली, पण तपशील पोहोचला नाही, तर बदलापूरला बसलेल्या माणसाला वजन किती, कपात किती, काय कळणार? हिशेब दिसला नाही की संशय येतो आणि सहकारात संशयासारखी कीड नाही.

सभासदांनी काय करावे

आमच्याकडून करावयाचे ते केले. आता थोडे आपल्याकडूनही हवे आहे.

एक, आपल्या ई-मेलमधील ‘स्पॅम’ किंवा ‘जंक’ हा कप्पा उघडून पाहावा. कारखान्याचे पत्र तिथे असेल तर ‘हे स्पॅम नाही’ असे बटण दाबावे. एका सभासदाने हे केले तर सगळ्यांचे टपाल सुधारते.

दोन, कारखान्याचा पत्ता आपल्या संपर्क यादीत जतन करावा आणि आमच्या एखाद्या पत्राला ‘मिळाले’ एवढे तरी उत्तर द्यावे. येणे-जाणे असले की ओळख वाढते, हे माणसांइतकेच सर्व्हरलाही लागू आहे.

तीन, ई-मेल नको असेल तर स्पॅमचे बटण न दाबता गट ऑफिसला कळवावे. नाव ई-मेलच्या यादीतून काढू. सभासदत्वाला त्याने काडीचाही धक्का लागत नाही.

चार, पत्ता बदलला असेल, मुलाचा पत्ता द्यायचा असेल, तर सभासद क्रमांकासह लेखी कळवावे.

पाच, आणि हे फार महत्त्वाचे. पत्ते बदलण्याच्या गडबडीचा फायदा भामटे घेतात. ‘कारखान्याचा सर्व्हर बदलला आहे, उसाच्या बिलासाठी बँक खात्याची माहिती पुन्हा भरा’ असे पत्र आले तर ते खोटे समजावे. कारखान्याच्या ई-मेल पत्त्याचे नाव पूर्वीचेच आहे, एक अक्षरही बदललेले नाही. खाते क्रमांक, ओ.टी.पी. किंवा पिन कारखाना ई-मेलवर कधीही मागत नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा.

बदलापूर या नावाबद्दल असे सांगतात की पूर्वी या वाटेने जाणारे तिथे घोडे बदलत. घोडा बदलला तरी स्वार तोच आणि थैलीतला खलिताही तोच. पण पुढच्या चौकीवर नवा घोडा पाहून पहारेकरी हटकणारच आणि स्वाराला ओळख द्यावी लागणारच. पहाऱ्यावर रागावून उपयोग नाही. आपली खूणगाठ आधी तयार ठेवली की झाले.

सप्टेंबरात फोन करणाऱ्या अंबरनाथच्या काकांना आम्ही परवा आपणहून फोन केला. ते म्हणाले, “बिलाचा तपशील आलाय, वजन जुळलं. आता माझं नाव हाय म्हणायचं!” त्यांचे नाव यादीत पहिल्यापासून होतेच. ते त्यांच्यापर्यंत पोहोचवायला आम्ही कमी पडलो, याबद्दल त्यांची आणि आपणा सर्वांची आम्ही मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. यापुढे पत्र न पोहोचल्यास, कितीही लहान गोष्ट वाटली तरी, कृपया ताबडतोब कळवावे. आपल्या फोनशिवाय आम्हाला ते कळत नाही, हे या वेळी पुरेपूर पटले आहे.